कॅप्सूलमधले अर्धे दाणे

पत्र:

"मी ४७ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दहा-अकरा वर्षं मन नुसतं पडून आहे. रडू येतं असं नाही, पण कशात जीव रमत नाही. चार वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी डिस्थायमिया, म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळणारं डिप्रेशन, आहे असं सांगून ड्युलोक्सेटिन सुरू केलं, सध्या ६० मिलिग्रॅम. पहिला महिना काही कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा मेथी निवडताना मी गुणगुणतेय असं माझ्याच लक्षात आलं आणि हात थांबला. कित्येक वर्षांत गुणगुणले नव्हते. गेल्या महिन्यात पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्याने एक व्हिडिओ पाठवला. हे औषध मेंदूचा थर पातळ करतं, अमेरिकेत सिद्ध झालंय म्हणे. आमचे हे म्हणाले, 'आधीपासून सांगतोय, या गोळ्या मेंदू पोखरतात. बंद कर.' म्हणून तीन आठवडे रात्री कॅप्सूल उघडते, अर्धे दाणे कागदाच्या पुडीत काढून ठेवते आणि उरलेले कोमट दुधातून घेते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आता मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसतो, गरगरतं, वर्गात मुलांवर ओरडते. म्हणजे मेंदू खरंच खराब झालाय का? एमआरआय काढून बघू का? कधी कधी वाटतं, सकाळी उठायलाच नको."
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

प्रिय ताई,

शेवटची ओळ आधी घेते. 'सकाळी उठायलाच नको' असं दमलेलं माणूसही म्हणतं आणि जगणं नकोसं झालेलं माणूसही म्हणतं. तुमचं यातलं कुठलं, हे पत्रावरून मला कळत नाही, तुम्हाला मात्र कळतं. दुसरं असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. हा टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं तर फोनवरही थांबू नका, घरातल्या कुणाला तरी उठवा आणि दवाखाना गाठा. औषध एकदम कमी केल्यावर असे विचार उसळू शकतात. हे तुमच्या यजमानांनाही माहीत असू द्या.

आता डोक्यातल्या करंटचं. ही तक्रार मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकली आहे, की समोरच्या माणसाने हात कानाजवळ नेऊन बोटं झटकली की मी विचारते, "गोळी कधी चुकली?" ड्युलोक्सेटिन अंगातून लवकर उतरणारं औषध आहे. साधारण १२ तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं, त्यामुळे मात्रा खाली आली की एक-दोन दिवसांत शरीर तक्रार करू लागतं. झटके, गरगरणं, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं, आणि लहानसहान गोष्टीवरून संताप. तुमचं वर्गातलं ओरडणं यातच आलं. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त या विषयावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद आली होती. डिप्रेशनची औषधं थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना असा काही ना काही त्रास झाला. ज्यांना औषध नसलेली, फक्त दिसायला तशी गोळी दिली होती आणि ती थांबवली, त्यांच्यातही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे त्रासाचा काही भाग धास्तीचाही असतो, पण उरलेला भाग खराच असतो, आणि तो मेंदू खराब झाल्याची खूण नव्हे. ज्या मात्रेची मेंदूने चार वर्षं सवय लावून घेतली होती ती अचानक काढून घेतली, म्हणून तो कुरकुरतोय.

त्यात ते दूध. कॅप्सूलमधल्या प्रत्येक दाण्यावर एक बारीक लेप असतो. पोटातल्या आम्लात औषध नासू नये, पुढे आतड्यात गेल्यावरच सुटावं, म्हणून तो दिलेला असतो. कोमट दुधात तो लेप आधीच सुटू शकतो. म्हणजे तुम्ही अर्धी मात्रा घेताय असं समजताय, पण रोज नक्की किती औषध अंगी लागतंय हे तुम्हालाही माहीत नाही नि मलाही सांगता येणार नाही. आज थोडं जास्त, उद्या थोडं कमी. झटके त्यामुळेही वाढले असतील.

बघा कसं झालं ते. औषधाची भीती वाटली म्हणून औषध कमी केलं, कमी केलं म्हणून झटके आले, आणि झटक्यांमुळे ती भीती खरी वाटायला लागली.

व्हिडिओकडे येते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो बहुधा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांच्या एका अभ्यासावर बेतलेला आहे. 'मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात तो २०१८ साली आला. योगायोग म्हणा, पण त्यातलं औषध तुमचंच, ड्युलोक्सेटिन, आणि आजारही तुमचाच, वर्षानुवर्षं रेंगाळणारं डिप्रेशन. त्यामुळे त्यात नेमकं काय झालं ते नीट सांगते.

जुनं डिप्रेशन असलेले ४१ लोक घेतले. कुणाला औषध आणि कुणाला हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दहा आठवडे हे चाललं. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढला, तुलनेसाठी निरोगी माणसांचेही काढले. मेंदूच्या बाहेरच्या थराला, म्हणजे कॉर्टेक्सला, जाडी असते, अवघी दोन ते चार मिलिमीटर. ती मोजली. औषध घेणाऱ्यांचा हा थर दहा आठवड्यांत पातळ झाला, हे खरं आहे. व्हिडिओ इथेच थांबला असणार.

पण औषध सुरू होण्याआधी या रुग्णांचा तोच थर निरोगी माणसांपेक्षा काही भागांत जाड होता. औषधाने तो पातळ झाला तो निरोगी माणसांच्या मापाकडे सरकला, त्याच्या खाली उतरला नाही. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांचा थर उलट आणखी थोडा जाड झाला. आणि ज्यांचा थर नेहमीच्या मापाकडे आला, त्या औषधवाल्या गटाचा त्रासही उतरला होता.

जाडी वाढली होती ती कशामुळे? संशोधकांचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं आजाराशी झगडताना मेंदूने स्वतःला सावरायला केलेला तो उपाय असावा. मला यावरून विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या बाईचे तळवे आठवतात. रोज दोर ओढून हाताला घट्टे पडतात. ते घट्टे रोग नसतात, हाताने स्वतःचा केलेला बचाव असतो. घरात नळ आला की काही महिन्यांत तळवा मऊ होतो. तो मऊ तळवा बघून 'नळाने हाताची कातडी झिजवली' असं कुणी म्हणालं तर तुम्ही काय म्हणाल?

हे तुमच्या पुतण्याला वाचून दाखवा, पण त्याला रागावू नका. काकूच्या काळजीपोटीच त्याने ते पाठवलं असणार.

या अभ्यासावर मी तरी फार मोठा इमला बांधणार नाही. माणसं ४१, काळ दहा आठवडे. तुम्ही चार वर्षं घेताय. शिवाय सगळ्या अभ्यासांत थर जाडच दिसतो असंही नाही. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या हजारो रुग्णांचे स्कॅन एकत्र करून जो मोठा अभ्यास झाला, त्यात डिप्रेशन असलेल्या प्रौढांचा कॉर्टेक्स काही ठिकाणी पातळ दिसला होता. पण असे अभ्यास म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो असतो. त्यात औषध घेणारा आणि न घेणारा शेजारी शेजारी उभे केले, तर औषध घेणाऱ्याचा आजार मुळात जास्त असण्याचीच शक्यता मोठी. तुम्ही शाळेत आहात, तुम्हाला हे लगेच कळेल. शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण कमी दिसले, म्हणून शिकवणीने गुण घसरतात असं म्हणायचं का? कच्ची मुलंच जास्त करून शिकवणीला पाठवतात. म्हणून औषधाचा परिणाम पाहायचा तर चिठ्ठी टाकून वाटणी केलेल्या अभ्यासाला मी जास्त किंमत देते, भले तो लहान असेना.

मग 'मेंदू पोखरणं' ही भीती सगळीच हवेतली आहे का? नाही. मेंदूचा एक भाग खरंच आक्रसतो, पण त्याचा माग काढत गेलं की औषधाऐवजी आजारापाशी पोचतो.

कानशिलाच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. आठवण साठवायचं मोठं काम त्याचं. २०१६ साली १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस थोडासा लहान निघाला. हा फरक मुख्यतः ज्यांना डिप्रेशन पुन्हा पुन्हा आलं त्यांच्यात होता. ज्यांची पहिलीच वेळ होती त्यांच्यात तो दिसला नाही. म्हणजे आजाराचा मुक्काम जितका लांबतो, तितकी ती जागा झिजत असावी.

त्याच्याही आधी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या इव्हेट शेलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ स्त्रियांचा अभ्यास केला होता. तो मला तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रत्येकीने आयुष्यातले किती दिवस डिप्रेशनमध्ये काढले ते त्यांनी बारकाईने मोजलं, आणि त्यातले औषधाविना किती नि औषधासह किती अशी विभागणी केली. बिनऔषधाचे दिवस जितके जास्त, तितका हिप्पोकॅम्पस लहान. औषध घेत काढलेल्या दिवसांशी असा संबंध दिसला नाही. अभ्यास लहान आहे आणि नुसत्या संबंधावरून कारण पक्कं होत नाही. पण 'गोळ्या मेंदू पोखरतात' म्हणणाऱ्या माणसाला मी हे आधी दाखवीन.

तुमच्या मेथीच्या जुडीकडे मी पुन्हा पुन्हा वळले. पहिल्या महिन्यात काही नाही आणि तिसऱ्या महिन्यात ओठांवर गाणं, असं का होतं? गोळी घेतल्यावर काही तासांत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनांवर तिचा परिणाम सुरू होतो, मग मनाला बरं वाटायला आठवडे का लागतात? पूर्वी रुग्णांना मीही 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळीने भरून काढू' असं सांगायचे. आता सांगत नाही. डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, या म्हणण्याला भक्कम पुरावा नाही, असं २०२२ मध्ये लंडनच्या एका गटाने सगळे अभ्यास चाळून दाखवलं आणि त्यावरून बरीच खळबळ झाली. गोळी काम करत नाही असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. ताप उतरवणारी गोळी ताप उतरवते, म्हणून अंगात त्या गोळीची कमतरता होती असं आपण म्हणत नाही.

आठवडे लागतात त्याचं एक कारण बहुधा मेंदूच्या घडणीतच आहे. येल विद्यापीठात २००० साली उंदरांवर पाहिलं गेलं, की डिप्रेशनची औषधं सलग काही आठवडे दिली तर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त तयार होतात, थोडेच दिवस दिली तर होत नाहीत. माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या पेशी किती जन्मतात यावर २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती. वाद अजून मिटलेला नाही. पण पेशींमधले जोड नव्याने बांधायची मेंदूची ताकद ही औषधं वाढवतात, याला बराच आधार मिळतो. जोड बांधायला वेळ लागतो. तुमच्या हातात जुडी होती आणि गाणं आपसूक आलं, त्याच्या आधी दोन-अडीच महिने आत काहीतरी सावकाश जुळत आलं होतं, असं मी समजते.

एमआरआय काढू नका. निदान या कारणासाठी तरी नको. वर सांगितलेले फरक हजारो माणसांच्या सरासरीत दिसतात. अ तुकडीची सरासरी ६२ आणि ब तुकडीची ६१ असली, तर ५८ गुण मिळवलेला मुलगा कुठल्या तुकडीतला हे तुम्ही सांगू शकाल? तसंच हे. तुमच्या रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' लिहून येईल, किंवा वयाप्रमाणे काहीतरी किरकोळ लिहून येईल आणि तो शब्द तुमची झोप उडवेल. डोकेदुखी नव्याने सुरू झाली, फीट आली, हातापायातली ताकद गेली, अशा वेळी स्कॅनला अर्थ आहे. औषधाने तुमचं काय केलं हे बघायचं असेल तर तुमच्याकडे चार वर्षांचे दिवस आहेत. शाळेत जाणं, जेवणाची चव, माणसांत बसणं, झोप. यांचा हिशोब स्कॅनपेक्षा खरा आहे.

तुमच्या यजमानांच्या काळजीला मात्र मी उडवून लावणार नाही. औषधाला तोटे आहेत, ते मेंदूच्या थरात शोधण्याऐवजी जिथे आहेत तिथे बघावेत. ड्युलोक्सेटिनने रक्तदाब वाढू शकतो, तो अधूनमधून मोजलेला बरा. लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर हे औषध नको. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सोबत घेतल्या तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. मेडिकलमधून परस्पर आणून घेत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं, शरीरसंबंधाची इच्छा मावळते. हे शेवटचं आपल्याकडच्या बायका सांगतच नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. काहींना सुखदुःख दोन्ही बोथट झाल्यासारखं वाटतं. यातलं काही होत असेल तर औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते.

आणि औषध बंद करायची इच्छा होणं हा काही गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये ४७८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला. ही सगळी माणसं दीर्घकाळ डिप्रेशनची औषधं घेत होती, बरी वाटत होती आणि थांबवायचा विचार करण्याइतकी सावरली होती. त्यांची औषधं वेगळी होती, ड्युलोक्सेटिन त्यात नव्हतं, पण अंदाजाला उपयोगी आहे. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांचं औषध हळूहळू उतरवत बंद केलं त्यांच्यातल्या ५६ टक्के लोकांचा उलटला. म्हणजे चालू ठेवण्याचा फायदा खरा आहे, पण बंद करूनही बरेच जण वर्षभर नीट राहिले. हा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा आहे, तो व्हिडिओने घ्यायचा नाही आणि दिवाळीच्या तोंडावर किंवा परीक्षेच्या धामधुमीतही घ्यायचा नाही. बंद करायचंच ठरलं तर महिनोन् महिने उतरवत न्यायचं. ड्युलोक्सेटिनच्या २०, ३०, ४० च्या कॅप्सूल बाजारात मिळतात, तेव्हा दाणे मोजत बसायची वेळ सहसा येऊ नये. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात सावकाश उतरायच्या, कारण खालच्या मात्रेतली लहानशी घटही मेंदूला मोठी जाणवते. दहा-अकरा वर्षांचा आजार आहे, तेव्हा मला विचाराल तर आत्ता, असं मोडकळल्यासारखं वाटत असताना, ही वेळ नव्हे.

याच आठवड्यात सोलापूरला जा. यजमानांना घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. त्यांची भीती त्यांना स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना विचारू द्या. तीन आठवडे काय केलंत ते सगळं सांगा, दुधासकट. डॉक्टर पूर्ण मात्रेवर आणतील की आधी ३० वर ठेवून बघतील, हे तुम्हाला तपासून तेच ठरवतील. तोवर मनाने मात्रा आणखी कमी करू नका, एकदम वाढवूही नका. तोवर रात्रीची कॅप्सूल कशी घ्यायची, हे आज डॉक्टरांना फोन लागत असेल तर आजच विचारा.

आणि ती दाण्यांची पुडी फेकू नका, पर्समध्ये टाका. लाज वाटून बोलता बोलता काही राहून गेलं तर ती टेबलावर ठेवा. डॉक्टरांना बघूनच कळेल.